उंच गाडी, बसकी गाडी

आडगाव नाक्यापुढे रस्त्याच्या कडेला द्राक्षांचे क्रेट दिसायला लागले, की मी गाडीच्या काचा वर करते. थंडी वाजते म्हणून नाही. पिकलेल्या द्राक्षांचा आणि त्यांच्याखाली अंथरलेल्या कागदाचा एक ओलसर, गोडूस वास त्या दिवसांत सगळ्या रस्त्यावर साचलेला असतो. तो वास आत शिरला, की गाडीच्या मागच्या भागात कुणीतरी झोपलेलं आहे असं वाटू लागतं. मी आरशात बघते. मागे मुलांच्या वह्यांचा गठ्ठा असतो, एखादी पाण्याची बाटली इकडून तिकडे घरंगळत असते. बाकी काही नसतं.

यंदा थंडी बरीच रेंगाळली आहे. द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून निफाडकडे पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवून धूर करतात. रविवारी मी तिकडे जाते तेव्हा तो धूर अजून रस्त्यावर आडवा पसरलेला असतो. गाडी आता म्हातारी झाली आहे. पहिल्या चावीला खोकते, दुसऱ्या चावीला उठते. देवळाली कॅम्पातल्या माझ्या शाळेत शिक्षिका विचारतात, "मॅडम, ही कधी काढणार? एकट्या माणसाला एवढी लांबलचक गाडी कशाला?" मी हसून वेळ मारून नेते. माझा नवरा दिलीप ऐन द्राक्षाच्या हंगामात गेला, हे त्यांना माहीत आहे. कुठे आणि कसा गेला, ते माहीत नाही. आयुष्यभर मी त्याला 'अहो' म्हणत आले. लिहिताना मात्र नाव लिहिते, एकेरीत. तसं लिहिलं की माणूस जरा जवळ सरकतो.

ही गाडी आणि अण्णांची गाडी एकाच दसऱ्याला घरात आल्या. अण्णा म्हणजे दिलीपचे थोरले भाऊ. निफाडची द्राक्षबाग ते बघायचे आणि दिलीप नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करायचा. अण्णांनी घेतली ती उंच, चौकोनी, सात माणसांची. आत चढायला पायरी असलेली. दिलीपनं घेतली ती स्टेशन वॅगन. पुढून साध्या मोटारीसारखी बुटकी, पण मागे डिकीच्या जागी एक लांबच लांब खोली. निफाडच्या अंगणात दोन्ही शेजारी उभ्या केल्या, झेंडूच्या माळा घातल्या. अण्णा कमरेवर हात ठेवून आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

"दिल्या, ही गाडी हाय का घोरपड? पार जमिनीला चिकटली हाय."

"घाटात कळेल तुला," दिलीप म्हणाला.

ती तुलना पुढे कधी थांबलीच नाही. वणीच्या गडावर जाताना अण्णांच्या गाडीत शेवटच्या सीटवरच्या पोरांना हमखास उलटी व्हायची. आमच्या गाडीत आमची मुलगी रेवा मागच्या खोलीत उशी घेऊन लोळत गाणी म्हणत यायची. अण्णा म्हणायचे, पोरांनी केळी खाल्ली म्हणून झालं. पावसाळ्यात सुरगाण्याकडे एकदा ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी चाललं होतं. अण्णांची गाडी हत्तीसारखी पलीकडे गेली आणि आम्ही अलीकडे भजी खात पाणी उतरायची वाट बघत बसलो. त्या दिवसाचं कौतुक अण्णांनी कितीतरी दिवाळ्यांना सांगितलं. बागेतल्या कच्च्या वाटेवर आमच्या गाडीचं पोट दगडाला घासलं, की दिलीपचा चेहरा असा व्हायचा जणू त्याचीच बरगडी खरचटली आहे. अण्णा बांधावरून ओरडायचे, "उचलून आणू का?"

जेवणं झाली की दोघं भाऊ दोन्ही बॉनेट उघडून उभे राहायचे. टायर कुणाचे जास्त टिकले, एसी कुणाचा लवकर गार करतो, कुणाच्या दाराची रबरं सुटली. माझी जाऊ म्हणायची, "ह्यांना दुसरं बोलायला कधी सुचतच नाय." तेव्हा मीही हसायचे. सासरे लवकर गेले होते. अण्णांनी शाळा सोडून बाग धरली, म्हणून दिलीप कॉलेजला जाऊ शकला. ह्या गोष्टीचा उच्चार मी त्या घरात कधी ऐकला नाही. दोघांमध्ये ती नेहमी उभी असायची आणि ते तिच्या दोन्ही बाजूंनी गाड्यांबद्दल बोलायचे. महिनाभर भेट झाली नाही, की अण्णांचा फोन यायचा, "काय रे, गाडी काय म्हणती?" दिलीप म्हणायचा, "ठीक आहे. तुझी?" मग फोन बंद.

गाड्या जुन्या झाल्या. शोरूममधून आणलेल्या गाडीबद्दल सगळे बोलतात, जुन्या होत जाणाऱ्या गाडीबद्दल कुणी बोलत नाही. ती कुठे करकरते, कोणत्या खड्ड्याला कुरकुरते, कोणतं दार दोनदा ओढावं लागतं, हे घरच्यांनाच माहीत असतं. माणसाचंही तसंच असावं असं मला वाटायचं. पण माणूस जुना होताना पहिला आवाज कुठून येतो, ते मात्र आम्हाला ओळखता आलं नाही.

गडावरून परतताना घाटातल्या वळणावर आमची गाडी बंद पडली. एकदा, मग पुन्हा. दिलीप म्हणाला, क्लच गेला. मागून अण्णांनी हॉर्न वाजवून सगळा घाट जागा केला. खाली चहाच्या टपरीवर त्यांना केवढा आनंद झाला होता. "दमली तुझी घोरपड." दिलीपनं क्लच प्लेट बदलून घेतली. महिन्याभरानं गाडी पुन्हा सिग्नलला बंद पडली. तो गाडीवर चिडला, दुरुस्त करणाऱ्यावर चिडला, दोन दिवस दुचाकीवरून कामाला गेला. त्या दोन दिवसांत मी गाडी शाळेत नेली. कॅम्पच्या बाजारातल्या गर्दीतून, रेल्वे फाटकावरच्या रांगेतून. क्लच लोण्यासारखा चालत होता.

जेवताना मी सहज म्हटलं, "अहो, क्लच तर छान आहे की."

त्याचा घास हातात राहिला. त्यानं टेबलाखाली वाकून स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहिलं. पाय हलवून पाहिला. मी चवडा वर उचलायला सांगितलं तर तो उचलेना. भाजी गार होत गेली.

मज्जातंतूंचा आजार. डॉक्टरांनी नाव सांगितलं आणि त्याच वाक्यात, त्यावर उपाय नाही हेही सांगितलं. आधी पाय, मग हात, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. बुद्धी मात्र अखेरपर्यंत शाबूत राहील, असं म्हणाले. जणू ती चांगली बातमी होती. परतताना गाडी मी चालवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्या डावीकडे बसला होता. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला तो म्हणाला, "सगळी गाडी भंगारात, फक्त इंजिन चालू. काय करायचं त्याचं?" मी हिरवा दिवा लागायची वाट बघत राहिले. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा कळलं की तो कधीचाच लागला होता.

त्यानंतर दोन्ही गाड्यांकडे मी वेगळ्याच नजरेनं बघू लागले. पायात बळ नसलेल्या माणसाला मोटारीत बसवणं म्हणजे काय, ते एकदा करून बघावं लागतं. अण्णा हट्टानं आपली गाडी घेऊन यायचे. "माझीत ऐसपैस बसल. दवाखान्यात जायचं तर नीट जाऊ." पण तिची पायरी उंच. वरची कडी धरायची, डावा पाय पायरीवर टेकवायचा आणि अंग वर ओढायचं. दिलीपचा डावा पायच तर गेला होता. मग अण्णा त्याच्या काखेत हात घालून त्याला उचलायचे, क्रेट उचलावा तसे, आणि आत ठेवायचे. दिलीप तोंड फिरवून सोसायटीच्या भिंतीकडे बघायचा. वॉचमन, शेजारी, शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं, सगळे उभे असायचे.

अण्णांनी निफाडला एका वेल्डिंगवाल्याकडून गाडीला आणखी एक पायरी बसवून घेतली, अगदी खाली, जमिनीपासून वीतभर. मोठ्या अभिमानानं दाखवायला घेऊन आले. पण तोवर दिलीपला वीतभरही पाय उचलता येईनासा झाला होता. अण्णांनी ती नवी पायरी पाहिली, दिलीपचा पाय पाहिला. मग खाली बसून पायरीचे नट घट्ट आहेत का, ते उगाचच तपासत राहिले.

तो आजार असाच होता. आम्ही जी सोय करायचो, ती पुरी होईपर्यंत तो पुढे गेलेला असायचा.

आमच्या बुटक्या गाडीत बसवणं सोपं होतं. आधी पाठमोरं करून सीटवर टेकवायचं, मग पाय एकेक करून आत घ्यायचे. सीटवर मी साड्यांच्या दुकानातली गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी अंथरायचे. तिच्यावर तो अलगद वळायचा. उतरवणं मात्र कठीण. इतक्या खालून उठवायचं म्हणजे माझ्या कमरेचा कस लागायचा. एकदा हॉस्पिटलच्या दारात आम्ही दोघंही तसेच अडकलो. तो अर्धा बाहेर, मी त्याला मिठी मारून वाकलेली, आणि तो माझ्या कानाशी हसत होता. बोलणं तेव्हाच जड झालं होतं, पण हसणं जुनंच होतं. लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे. ते हसणं मी शेवटचं ऐकलं ते तिथेच.

पुढे मान गेली. गतिरोधक आला की डोकं पुढे पडायचं. घर ते हॉस्पिटल रस्त्यावरचे सगळे गतिरोधक मला पाठ झाले. एका हातानं स्टिअरिंग आणि दुसरा हात त्याच्या कपाळावर, अशी मी गाडी चालवायला शिकले.

मग तो हंगाम आला. निफाडला घड उतरवायला सुरुवात झाली होती, आणि इथे दिलीपचा श्वास आखडत चालला होता. रात्री तोंडावर मास्कचं मशीन लावायचो, दिवसा तो ते नको म्हणायचा. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, की आता गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि कायमचं यंत्र लावायचं, नाहीतर जे होईल ते होऊ द्यायचं. ठरवायला फार वेळ नाही. दिलीपनं माझ्याकडे पाहिलं. त्याचं बोलणं आता फक्त मला कळायचं. शब्द नसायचेच, नुसते स्वर. तरी मला कळायचं.

अण्णा बागेतून तसेच आले, शर्टावर द्राक्षाच्या पानांची धूळ. दारातूनच म्हणाले, "मुंबईला न्यायचं. मोठ्या हॉस्पिटलात. माझी गाडी काढतो, आत्ता निघू."

दिलीप काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतो?"

"नाही म्हणतात," मी म्हटलं. "नळी नको, मुंबई नको."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "सुनंदा, तो म्हणतो का तू म्हणती?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी वेडावाकडा शब्द बोललेला नव्हता. जगात एकाच माणसाला दिलीपची भाषा येत होती, आणि नेमकं त्याच माणसावर आता विश्वास नव्हता. रेवा पुण्याहून आलेली होती. ती काही बोलायला पुढे झाली. मी तिचा हात धरला. अण्णा खुर्ची ओढून दिलीपच्या अगदी तोंडासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून.

"दिल्या, मला सांग. तू सांग. जगायचं नाय का तुला?"

दिलीपनं श्वास गोळा केला. त्याला किती कष्ट पडत होते ते गळ्याच्या शिरांवर दिसत होतं. एकदा काहीच उमटलं नाही. दुसऱ्यांदा नुसती हवा बाहेर आली. अण्णा हलले नाहीत. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "अण्णा… घरी."

हे मला सांगावं लागलं नाही. घरी म्हणजे निफाड, हेही नाही. अण्णांनी त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांवर डोकं टेकवलं. पाठ हलत होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो.

पुढच्या दिवशी ते पुन्हा आले तेव्हा वर न येता थेट पार्किंगमध्ये गेले. मी गॅलरीतून बघत होते. त्यांनी आपल्या गाडीच्या मधल्या सीट दुमडल्या, आत शिरून गुडघ्यांवर सरकत हातानं वीत-वीत मोजलं. बाहेर आले. मग आमच्या गाडीचं मागचं दार उघडून सीट आडव्या केल्या आणि तसंच मोजलं. आत चक्क आडवे होऊन पाहिलं. जाडजूड चपला घातलेले त्यांचे पाय दारातून बाहेर आले होते. वर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझीत मधी उंचवटा राहतो. त्याच्या पाठीला टोचल. तुमची काढू."

निघालो ती सकाळ स्वच्छ होती. मागच्या खोलीत गादी अंथरली, पुढच्या सीटच्या पाठीला उशा रचून त्याला अर्धवट टेकवून बसवलं, म्हणजे श्वासाला अडचण नको. तोंड मागच्या काचेकडे. मी त्याच्या शेजारी पाय दुमडून बसले, एक हात त्याच्या छातीवर. रेवा बाकीचं सामान घेऊन मागाहून येणार होती. गाडी अण्णांनी चालवायला घेतली. इतक्या वर्षांत ते आमच्या गाडीच्या स्टिअरिंगला पहिल्यांदा बसत होते. सीट मागे-पुढे करून बघितली, आरसा वळवला, दोनदा गिअर चाचपला.

"झोपल्यावानी बसावं लागतं हिच्यात," ते पुटपुटले आणि गाडी अगदी हळू काढली.

दिलीपच्या डोळ्यांसमोर सगळं मागे-मागे जात होतं. आमची इमारत, नांदूर नाका, माडसांगवीची वळणं, मग दोन्ही बाजूंना बागांचे मंडप. उन्हात पानांखाली घड लटकत होते. कागदात गुंडाळलेले काही, काही उघडे. माणसं वाकून घड उतरवत होती. त्याला तो वास यावा म्हणून मी एक काच खाली केली. त्यानं डोळे मिटून घेतले, परत उघडले. उसाची एक बैलगाडी आम्ही मागे टाकली. बराच वेळ ती काचेत लहान लहान होत गेली, आणि तो तिच्याकडे बघत होता.

पुढे अण्णांनी बोलायला सुरुवात केली. आरशात न बघता, रस्त्याकडे तोंड करून.

"दिल्या, ऐकतो ना? हा रस्ता बघ कसा उखडला हाय. माझ्या गाडीत इथं पोट हालतं माणसाचं. हिच्यात कळतबी नाय. रस्ता धरून चालती लेकाची."

चांदोरी आली. गावातून गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. माझ्या हाताखाली त्याची छाती उचलली गेली, खाली गेली. मी पुढच्या उचलण्याची वाट बघितली. ते आलं नाही. त्याचे डोळे काचेकडेच होते.

"खरं सांगू का तुला," अण्णा पुढे बोलत होते, "मलाबी अशीच घ्यायची होती. तुझी बघितली, अन् मनात म्हटलं, हीच पायजे होती. पण बागायतदार माणूस, लोकं काय म्हणतील, एवढी बुटकी गाडी घेतली. म्हणून घेतली ती उंच. अन् तुला बोलत बसलो. उगाच बोललो रे. तू कधी मनाला लावून घेतलं नाय. तू कॉलेजला होता ना, तेव्हाबी तू असाच होता. मी फाटक्या पैरणीत बाग खुरपायचो आणि तू सुट्टीत आला की पुस्तक ठेवून माझ्यासंगं यायचा. मी सांगितलं नाय कधी, पण मला लय बरं वाटायचं."

मी बोलले असते तर ते वाक्य तिथेच तुटलं असतं आणि पुन्हा कधी जोडलं गेलं नसतं. दिलीपचा हात अजून कोमट होता. मी तो माझ्या दोन्ही हातांत धरला आणि अण्णांना बोलू दिलं. चांदोरी मागे पडली. ते बोलत होते, लहानपणाचं, विहिरीचं, आईच्या हातच्या भाकरीचं. मला माहीत नसलेलं कितीतरी. दोन्ही बाजूंनी हिरव्या बागा चालल्या होत्या आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज मी होऊ दिला नाही.

शेवटी त्यांचं बोलणं संपलं. थोडा रस्ता तसाच गेला.

"हूं नाय का चूं नाय. झोपला का हा?"

"अण्णा, गाडी बाजूला घ्या."

त्यांनी इंडिकेटर लावला. घाई न करता, धक्का बसू न देता गाडी कडुनिंबाच्या झाडाखाली घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मागे वळून मात्र पाहिलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"कधी?"

"चांदोरीत."

मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मी बोललो ते… ऐकलं का त्यानं?"

"सुरुवातीचं ऐकलं," मी म्हटलं. तेवढंच खरं होतं.

ते उतरले, गाडीला वळसा घालून मागे आले आणि मागचं दार वर उचललं. एकदम ऊन आत आलं. ते दिलीपच्या पायांपाशी गाडीच्या काठावर टेकले. पायावरून चादर सरकली होती ती नीट केली. डाव्या पायाचा चवडा एका बाजूला कलला होता, तो सरळ करून हातात धरून बसले.

द्राक्षांच्या क्रेटनी भरलेला एक टेम्पो आमच्यापाशी येऊन थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"काय झालं बाबा? गाडी बंद पडली का?"

अण्णांनी वर पाहिलं. डोळे लालभडक झाले होते.

"नाय भाऊ," ते म्हणाले, "गाडी चांगली हाय."